गोरा मास्तर, उन्हाळी बॅच

होळीची राख गार होते न होते तोच छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर, चिकलठाण्यापासून शेंद्र्यापर्यंत, समर कॅम्पचे फलक लागतात. फलकावर एक गोरी बाई किंवा गोरा बुवा. भोवती आठ-दहा पोरं, सगळ्यांचे अंगठे वर. खाली ठळक अक्षरांत 'फॉरेनर टीचरकडून फाडफाड इंग्रजी' आणि त्याखाली 'जागा मर्यादित'. जागा दरवर्षीच मर्यादित असतात. पोरं किती घ्यायची याला मर्यादा नसते.

बाईंचं नाव? नसतं. देश? 'अब्रॉड'. शिक्षण? अहो, गोरी आहे ना ती!

शेंद्र्याच्या पालकाला फॉरेनरचं एवढं अप्रूप असावं, हेच मुळात नवल. स्कोडाची गाडी इथे २००१ पासून जुळवली जाते. लिभेरचे फ्रिज इथे, ह्योसंगचा धागा इथे. शेजारी ऑरिक, म्हणजे बिडकीन धरून दहा हजार एकरांची उद्योगनगरी. परदेशी साहेब जालना रोडला कधीचा सरावलाय. खड्डा आला की आता तोही ड्रायव्हरच्या आधी सीट धरतो.

पण जरा नीट मोजा. स्कोडाचा साहेब झेक. ह्योसंगचा कोरियन. लिभेरचा जर्मन. यांतल्या एकाचीही आई त्याच्याशी इंग्रजीत बोललेली नाही.

हे सगळे आपल्यासारखेच शाळेत इंग्रजीच्या तासाला बसले, क्रियापदाची तिन्ही रूपं घोकली, परीक्षेत चुकले आणि तरीही साहेब झाले. उद्या यांच्यापैकी कुणी रविवारी टोपी घालून भाजी घेताना दिसला, तर पत्रकावर 'नेटिव्ह स्पीकर' छापायला कॅम्पवाला मागेपुढे बघणार नाही. बिचारा साहेबच दचकेल.

उलट बाजू बघा. नायजेरियाची राजभाषा इंग्रजी. तिथला पदवीधर शाळा-कॉलेजभर इंग्रजीतच शिकलेला असतो. असा एखादा हसरा चेहरा पत्रकावर पाहिलाय कधी? नाही ना. मग अट भाषेची आहे की कातडीची? गोरेपणाचं क्रीम विकणाऱ्या कंपनीनेसुद्धा २०२० साली डबीवरचा 'फेअर' हा शब्द काढून टाकला. कॅम्पवाल्यांपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे.

मराठवाड्याला मालकाची भाषा शिकण्याची जुनी खोड आहे. निजामाच्या राज्यात शिकायचं तर उर्दूत. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. आमचे आजोबा पाढे उर्दूत म्हणायचे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, बाप मराठीत शिकला. नातू 'कॉन्व्हेंट'मध्ये. तीन पिढ्या, तीन भाषा.

तेव्हा निदान मालक ती भाषा बोलत तरी होता. आता मालक कोरियन बोलतो आणि आपण इंग्रजीचा क्लास लावतो.

बरं, इंग्रजी आपल्याकडे काल आलं का? प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० च्या जूनपासून, राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. केवढा वाद झाला! अग्रलेख झाले, परिसंवाद झाले. मराठी बुडणार म्हणून एक गट रडला, पोरं साहेब होणार म्हणून दुसरा नाचला.

त्या जूनमध्ये पहिलीत बसलेलं पोरगं आज तिशीत आहे. शेंद्र्यात शिफ्टला जातं. आणि स्वतःच्या पोराला उन्हाळी कॅम्पात घालतं, कारण 'लेकराचं बेसिक कच्चं राहू नये'.

दोन्ही गट चुकले. मराठी बुडाली नाही आणि इंग्रजी आलं नाही.

'असर' या शिक्षण-पाहणीचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांचा होता. देशभरातल्या २८ जिल्ह्यांत पाहणी झाली. इंग्रजी वाक्य वाचू शकणारे निघाले ५७.३ टक्के. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याला आपण काय वाचलं ते सांगता येईना. हसू नका. सरकारी जीआर वाचताना आपलंही तेच होतं, आणि तो मराठीत असतो.

आता कायद्याकडे वळू. परदेशी माणसाला भारतात नोकरीचा व्हिसा हवा, तर त्याचा पगार वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये असावा, असा केंद्राचा नियम आहे. काहींना सूट आहे. आपल्या देशाचं जेवण रांधणारा आचारी, दुभाषा, भाषाशिक्षक. भाषाशिक्षकापुढे मात्र बारीक अक्षरांत भर घातलीय. इंग्रजीचा शिक्षक सोडून!

म्हणजे जपानी शिकवा, सूट. स्पॅनिश शिकवा, सूट. इंग्रजी शिकवायचंय? काढा सोळा लाख. इंग्रजीचे मास्तर आपल्याकडे पैशाला पासरी आहेत, हे दिल्लीच्या बाबूला कळलं. जालना रोडच्या पालकाला कळलं नाही.

मग कॅम्पवाला सोळा लाख मोजतो की काय? छे हो! एक पळवाट आहे आणि ती नियमातच आहे. ई-टुरिस्ट व्हिसावर महिनाभरापर्यंत स्वयंसेवा करता येते. अट एकच. मोबदला घ्यायचा नाही, कुठल्याही रूपात नाही.

बाई फुकट. फी पूर्ण.

पुढच्या खेपेला पत्रक हातात आलं की दोनच गोष्टी विचारा. बाईंचा व्हिसा कुठला? आणि त्या जिथे उतरल्यात, तिथून चोवीस तासांत सरकारकडे फॉर्म गेला का? भारतात परदेशी पाहुणा ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो द्यावा लागतो. कॅम्पवाल्याचं फाडफाड इंग्रजी तिथेच थांबेल. उत्तर शुद्ध मराठीत येईल, 'सर, तुम्ही आधी अॅडमिशन तर घ्या.'

आता आपल्या घरच्या मास्तरकडे बघा. दोन वर्षांचं डी.एड. मग टीईटी. मग 'टेट'. मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. एवढी दिव्यं करून नंबर लागला, तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन महिन्याला १६ हजार. तेही २०२३ पासून, त्याआधी सहा हजार होतं.

सोळाचा आकडा दोन्हीकडे आलाय बघा. परदेशी मास्तरला वर्षाला सोळा लाखांवर, आपल्याला महिन्याला सोळा हजार. गुणोत्तर काढा, आठ पटींहून जास्त भरतं. आणि पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याची जबाबदारी कुणाची? स्वस्तातल्याची.

उलट जगभरच्या उन्हाळी शिबिरांत शिकवणाऱ्या पोरापोरींकडे बहुधा इंग्रजी शिकवण्याचं १२० तासांचं 'टेफल' प्रमाणपत्र असतं. घरबसल्या, ऑनलाइनसुद्धा मिळतं. १२० तास! आमचा डी.एड.वाला एवढे तास तर पवित्र पोर्टल उघडण्याची वाट बघत बसतो.

आणि त्या गोऱ्या पोरीचा तरी यात काय दोष? विशीतली. भारत बघायला आलेली. वेरूळ-अजिंठा करून चार दिवसांनी निघायचं, तर कुणीतरी गाठलं. आता मे महिना आहे, पारा बेचाळिसावर आहे, वर पत्रे आहेत. समोर बालवाडीपासून नववीपर्यंतची पोरं एकाच बॅचमध्ये. अभ्यासक्रम काय, असं तिने विचारलं तर उत्तर मिळालं, 'मॅडम, जस्ट स्पीक.'

ती बोलते. घसा बसतो. गाणी म्हणते, हातवारे करते, टाळ्या वाजवते. मधल्या सुट्टीत पालक येतात. शिकवणं कसं चाललंय, हे कुणी विचारत नाही. सेल्फी मात्र सगळे घेतात. शेवटच्या दिवशी तिला फेटा बांधतात, हातात नारळ देतात आणि नगरसेवकाच्या हस्ते सत्कार करतात. नगरसेवकाचं भाषण अर्धा तास चालतं.

मराठीत.

कॅम्प म्हणजे एक नवसच, आणि शेंद्र्याला नवस काही नवा नाही. चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला लाखोंनी माणूस लोटतो. गळ टोचून नवस फेडण्याची इथली प्रथा. शहाणीसुरती माणसं त्यावर नाक मुरडतात, आणि तीच माणसं त्याच महिन्यात कॅम्पच्या पावतीचा गळ हसत हसत टोचून घेतात. मांगीरबाबाचा नवस निदान आधी फळतो, मग फेडायचा असतो. इथे आगाऊ फेडावा लागतो. फळला नाही तर? 'पालक घरी सराव घेत नाहीत.'

हे वेड आपलंच आहे असं मात्र समजू नका. जपानने १९८७ मध्ये परदेशी तरुणांना शाळांत आणून उभं करायला सुरुवात केली. 'जेट' ही त्यांची सरकारी योजना, पहिल्याच वर्षी ८४८ जण आले. पुढे हजारो. चार दशकांनी निकाल काय? 'ईएफ'च्या २०२४ च्या इंग्रजी निर्देशांकात ११६ देशांत जपान ९२ वा. भारत ६९ वा.

लगेच छाती फुगवू नका. हा निर्देशांक काढणारी कंपनी इंग्रजीचेच क्लास विकते. तिच्या यादीत आपण सगळेच थोडे कच्चे असणं तिला परवडतं.

कोरियाने तर त्याही पुढे उडी मारली. सोलजवळ पाजू इथे २००६ मध्ये अख्खं 'इंग्रजी गाव' उभारलं. दुकानं इंग्रजी, टपाल इंग्रजी, वेशीवर विमानतळासारखी खोटी इमिग्रेशन तपासणी. परदेशी न जाता परदेशी गेल्याचं सुख! गाव तोट्यात गेलं. इंग्रजीतच गेलं असावं.

याच कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा साधारणपणे सात देशांच्या नागरिकांना मिळतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा वगैरे. भारत त्यात नाही. म्हणजे शेंद्र्यात कोरियन साहेब आपल्या सुपरवायझरशी दिवसभर इंग्रजीत बोलणार, त्याचं ऐकणार, त्याला ऐकवणार. साहेबाच्या गावी पोरांच्या क्लासला मात्र हाच सुपरवायझर 'नेटिव्ह' नाही म्हणून चालणार नाही. आपण त्यांच्यावर रागावायचं का? तोंड कुठलं? आपल्या क्लासलाही तो चालत नाही.

चीनने २०२१ मध्ये शिकवण्यांवर बडगा उगारला आणि परदेशात बसून चिनी पोरांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांवर बंदी घातली. रातोरात दुकानं बसली. आपल्याकडे असं होणार नाही. आपल्याकडे क्लासवाल्यांवर बंदी घालायची, तर कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा कोण येणार?

आता जरा गाडीवाटला चला. छत्रपती संभाजीनगरजवळचं साधं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ मध्ये पोरांना विचारलं, परदेशी भाषा शिकायची तर कुठली? पोरं म्हणाली, जपानी. का? रोबोट तिथे बनतात म्हणून! ना पुस्तक, ना जपानी मास्तर. शिक्षकांनी व्हिडिओ जमवले, भाषांतराची अॅप वापरली, शहरातल्या एका जाणकाराने ऑनलाइन वर्ग घेतले, तेही फुकट. पोरं जपानी बोलू लागली, बातम्या झाल्या.

ना गोरा चेहरा, ना फलक, ना मर्यादित जागा. असा कॅम्प चालेल कसा? चालला.

गंमत म्हणजे इंग्रजी शिकवायला शिकवणारी सरकारी संस्थाही आपल्याच शहरात आहे. राज्य आंग्ल भाषा संस्था. मुंबईहून इथे आली. शिक्षकांनी एकत्र बसून एकमेकांना इंग्रजी शिकवावं, असा 'तेजस' नावाचा प्रकल्प राज्य सरकारने ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टला बरोबर घेऊन चालवला. शहाणपणाचं काम होतं. म्हणूनच त्याचा फलक जालना रोडवर कधी दिसला नाही.

परदेशी शिक्षक ही काही आजची गोष्ट नाही. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत उतरली. लग्न न करता, एकटी. आधी मराठी शिकली, मग मुलींना शिकवलं. पुढे नगरला गेली आणि तिथेच मातीत मिसळली. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण तिच्याकडे घेतलं, असं सांगतात. पण त्यानंतर फुल्यांच्या शाळा चालवायला गोरी बाई लागली का? सावित्रीबाई उभ्या राहिल्या, फातिमा शेख उभ्या राहिल्या.

परदेशी मास्तरचा उपयोग एवढाच. त्याच्यामागून इथला मास्तर उभा राहिला पाहिजे. आपल्याकडे त्याच्यामागे बॅनर उभा राहतो.

एवढं झोडपूनही एक गोष्ट उरतेच. कॅम्पहून आलेलं पोरगं खरोखर चार वाक्यं बोलतं. चुकीची का होईनात, बोलतं. शाळेत दहा वर्षं तोंड न उघडणारं लेकरू पंधरा दिवसांत 'हॅलो मॅम' करत सुटतं. जादू कसली? बाईंकडे पद्धत नाही, पुस्तक नाही, पदवी नाही. मग आहे तरी काय?

ती हसत नाही.

पोरगं 'ही डोन्ट' म्हणालं, ती म्हणते 'गुड!' पोरगं 'आय इज' म्हणालं, ती म्हणते 'व्हेरी गुड!' निम्मं तिला कळलेलंही नसतं. पण पोराला कळतं की इथे चुकलं तरी चालतं. तेवढ्यावर जीभ सुटते.

आणि आपण? वर्गात कुणी 'ही डोन्ट' म्हटलं की बाकं फिदीफिदी हसतात आणि मास्तर 'या, लॉर्डसाहेब' म्हणतात. मामा तो किस्सा पुढची दहा लग्नं सांगत फिरतो. एखादा पुढारी इंग्रजीत अडखळला की त्याचा व्हिडिओ रात्रीत गावभर. तोच पुढारी रोज मराठीचे लचके तोडतो, त्याचा व्हिडिओ कोण काढतो?

गोऱ्या बाईने तोडकंमोडकं 'कसं काय' म्हटलं की आपण टाळ्या पिटतो. 'किती गोड बोलते!' तिच्या मोडक्या मराठीला टाळ्या, आपल्या पोराच्या मोडक्या इंग्रजीला हशा. मग पोरगं बोलेल कशाला?

एकदा कारखान्यात डोकवा. मशीन अडलंय. एका बाजूला कोरियन इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला करमाडचा आयटीआय झालेला गडी. 'धिस नो गुड.' 'येस सर, बेअरिंग गेला.' 'टुमारो?' 'नो टुमारो, टुडे चेंज.' व्याकरणाची पार वाट लागते. मशीनची लागत नाही. तासाभरात लाइन सुरू. दोघांचंही इंग्रजी उसनं, म्हणून कुणी कुणाला हसत नाही. जगाचा निम्माअधिक धंदा आज याच इंग्रजीत चालतो. लंडनचा माणूस तिथे आला तर त्याचाच अॅक्सेंट कुणाला कळायचा नाही.

त्या गड्याला गोऱ्या मास्तरने शिकवलं नाही. कॅम्पने नाही. गरज होती आणि समोरचा हसला नाही, एवढ्यावर तो शिकला. संध्याकाळी हाच गडी घरी जातो, पोरगं 'पप्पा, आय गोइंग प्ले' म्हणतं आणि हा खो खो हसतो. मग बायकोला म्हणतो, 'याला त्या फॉरेनरच्या कॅम्पात टाकू.'

तेव्हा हिशेब सरळ आहे. कॅम्पवाला इंग्रजी विकतच नाही. तो पंधरा दिवस न हसणारा एक माणूस भाड्याने देतो. तो गोरा असावा लागतो, कारण आपल्यातला न हसणारा माणूस शोधायचं आपण कधीच सोडून दिलंय.

तो घरात मिळाला तर फुकट पडेल. व्हिसा नको, फॉर्म नको, फेटा नको, नगरसेवकही नको. पोरगं चुकेल तेव्हा ओठ मिटायचे, बस्स.

आणि हसू आवरतच नसेल, तर फीच्या पावतीकडे बघा. पोट धरून हसण्यासारखं सगळं तिथे छापलेलं असतं.